हँडल कोण मारणार?

आधी बोनेटखाली बघू. सहा सिलेंडर, तीन-तीनचे दोन ठोकळे, सात लिटरचं इंजिन, आणि पितळ-तांबं असं लख्ख की घासणाऱ्याला नमस्कार करावा. ही रोल्स-रॉइसची ४०/५० नावाची मोटार. सगळे हिला सिल्व्हर घोस्ट म्हणतात, पण ते नाव मुळात १९०७ च्या एकाच गाडीचं, अ‍ॅल्युमिनियमचा रंग आणि चांदीचा मुलामा दिलेल्या, पुढे ते सगळ्यांनाच चिकटलं. कंपनी फक्त चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, आणि इंजिन द्यायची. वरची बॉडी, या गुबगुबीत सीटा, कापडी टप हे बार्करसारखे बग्ग्या बनवणारे करायचे, म्हणून तर चढताना बग्गीत चढल्यासारखं वाटतं.

आता सुरू करायची. बटण नाही हं. हातपंपाने टाकीत हवा भरायची, त्या दाबाने मागचं पेट्रोल पुढे येतं, मग पेट्रोलचा कॉक, म्हणजे तोटी, उघडायची, मग स्टिअरिंगवरची ही छोटी दांडी सरकवून स्पार्क मागे घ्यायचा, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडते, आणि मग पुढचं हँडल फिरवायचं. स्पार्क विसरलात तर हँडल उलटं फिरून फटका देतं. ड्रायव्हरचा अंगठा बघा. बोटांच्याच बाजूला ठेवलाय, हँडलभोवती आवळलेला नाही. एवढ्याशा चुकीने तेव्हा हात मोडायचे.

झाली सुरू. आता मी गप्प बसतो, ऐका.

दिवेपण काडीनेच. डब्यात कार्बाइडचे खडे, वरून थेंब थेंब पाणी, गॅस आला की काच उघडून काडी. हे सगळं ड्रायव्हरने करायचं, मालक मागे ऐटीत, आणि जुन्या फोटोंखाली नाव मालकाचं! मला हे कायम खटकतं.

१९०७ मध्ये ती मूळची सिल्व्हर घोस्ट लंडन-ग्लासगो २७ वेळा पळवली. ६२९ मैलांवर हादऱ्यांनी पेट्रोलचा कॉक बंद झाला, तेवढाच खोळंबा, नंतरचे १४,३७१ मैल बिघाडामुळे एकदाही थांबली नाही. १९०८ मध्ये 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची घोस्ट आपल्या मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली, घाटांसकट ६२० मैल, नंतर ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. पुढच्या चाकांना ब्रेक नव्हते, एवढं लक्षात ठेवून घाट उतरून बघा मनात.

पहिल्या महायुद्धात याच चेसिसवर चिलखती गाड्या झाल्या, १९२६ ला घोस्ट बंद.

हा बघा, ड्रायव्हर उतरला. हात पुसायच्या आधी कॉक बंद केला.