गोल फिरणारी गाडी

नमस्कार श्रोतेहो. शहरातल्या गाडीचा मार्ग बदलला की आपण विचारतो, किती मिनिटं वाचणार? जो आकडा सांगितला जातो तो बहुतेक वेळा गाडीचा असतो. इथून सुटली, तिथे पोचली. आपला प्रवास मात्र दारापासून दारापर्यंत. चालणं, जिने, वाट बघणं, गाडी बदलणं, सगळं धरून. गाडीची मिनिटं वेगळी, आपली वेगळी.

माझी यावरची लाडकी गोष्ट लंडनची. तिथल्या भुयारी रेल्वेचं एक वर्तुळ 1884 साली पूर्ण झालं. पुढे त्याचीच सर्कल लाइन झाली. 27 स्टेशनं, आणि शेवटचं स्टेशन एकही नाही! डोळा लागला, तर साधारण तासाभरात पुन्हा तुमचंच स्टेशन. ऐकायला काय झकास! पण जिला शेवट नाही, तिला दम खायलाही जागा नाही. एरवी गाडी शेवटच्या स्टेशनात पोचते, तिथे थोडा वेळ राखीव असतो, झालेला उशीर भरून निघतो. सर्कलला ती सोयच नव्हती. त्यात रूळही तिच्या एकटीचे नव्हते, दुसऱ्या मार्गांच्या गाड्याही त्यांवरूनच धावायच्या. सकाळी कुठे सिग्नलला अडकली की तो उशीर पदरात घेऊनच गोल गोल फिरायची, मागच्यांनाही रखडवायची.

शेवटी डिसेंबर 2009 मध्ये वर्तुळ तोडलं. आता गाडी पश्चिमेला हॅमरस्मिथहून निघते, एजवेअर रोडला येते, पूर्ण फेरी मारते आणि परत एजवेअर रोडलाच येऊन थांबते. वर्तुळाला शेपूट फुटलं म्हणा ना! हॅमरस्मिथच्या बाजूला गाड्या जवळजवळ दुप्पट झाल्या, तिकडचे लोक खूश. पण जे एजवेअर रोडवरून आरपार जायचे, त्यांना तिथे उतरून दुसरी गाडी धरणं आलं. एकाच बदलात एकाची मिनिटं वाचली, दुसऱ्याची वाढली.

आणि फलाटावरचं मिनिट लांब असतं बरं का. वाहतुकीची आखणी करणारेसुद्धा वाट बघण्याचा वेळ गाडीतल्या वेळेपेक्षा जड धरतात, बरेचदा दुप्पट. फलाटावरच्या बाकांना पाठ का नसते, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. ज्यानं ते बाक बनवले, त्याला अर्धा तास त्यावरच बसवावं. असो.

मग वर्तुळ तोडून साधलं काय? गाडीला टोकाला दम खायला जागा मिळाली, म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर सांभाळणं सोपं झालं. त्यानं काय फरक पडतो, छोटा हिशेब करू. दर 10 मिनिटांनी गाडी असेल, तर सरासरी वाट 5 मिनिटं. त्याच गाड्या विस्कटून एक 2 मिनिटांनी, पुढची 18 मिनिटांनी येऊ लागली, तर सरासरी वाट 8 मिनिटांच्या वर जाते. गाड्या तेवढ्याच, फक्त अंतर बिघडलं. कारण 18 मिनिटांच्या खिंडारात जास्त माणसं सापडतात. म्हणून मार्ग बदलला की गाड्या किती, एवढंच विचारू नका. अंतर सारखं राहतं का, तेही विचारा.

त्याच लंडनमध्ये फेब्रुवारी 2014 च्या संपात बरीच स्टेशनं बंद होती. लोकांनी नाइलाजानं दुसरे रस्ते धरले. अभ्यासकांनी नंतर प्रवासी कार्डांच्या नोंदी तपासल्या, तर संप मिटल्यावरही दर 20 जणांमागे साधारण एक जण जुन्या वाटेवर परतलाच नव्हता. इतकी वर्षं रोज त्याच गाडीनं जात होते, आणि बरी वाट सापडली ती स्टेशनाला कुलूप लागल्यावर!