वाळूजला दुसरी शेड टाकण्यापूर्वी

(पुण्यातील लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, इथे बसलेले बहुतेक जण भोसरी, चाकण, तळवडे या पट्ट्यातले आहेत. जागा पुरत नाही, भाडं परवडत नाही, शिकवून तयार केलेला मुलगा वर्षभरात शेजारच्या कंपनीत जातो. त्यात छत्रपती संभाजीनगरच्या नव्या गुंतवणुकीच्या बातम्या सारख्या येताहेत. "तुमच्याकडे यावं का?" हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. माझं उत्तर आधीच सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला ते तपासून बघता येईल. वाढायचं असेल तर जरूर या. गाशा गुंडाळून मात्र येऊ नका. पुण्यातली शेड चालू ठेवा, आमच्याकडे दुसरी टाका. आणि कुठलं काम हलवायचं, हे प्लॉटच्या दरावरून ठरवू नका. त्या कामाला लागणारी माणसं आजूबाजूला आहेत का, ते आधी बघा.

आमच्या शहराजवळच्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. चिकलठाण्याची एमआयडीसी त्याआधीची, पण वाळूजचं रूप पालटलं ते बजाजनंतर. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एन्ड्युरन्सची सुरुवात त्याच काळात, अॅल्युमिनियम डाय कास्टिंगच्या, म्हणजे वितळलेला धातू डायमध्ये (साच्यात) दाबून भाग बनवण्याच्या, दोन मशीनवर झाली. व्हेरॉकने प्लास्टिकच्या भागांपासून सुरुवात केली. आज दोन्ही शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्या आहेत, त्यामुळे भाषणांत त्यांचीच नावं येतात. मला त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या लहान शेडबद्दल बोलायचं आहे. धातूवर मुलामा देणारे प्लेटिंगवाले, पावडर कोटिंगवाले, हीट ट्रीटमेंटवाले, डाय दुरुस्त करणारे, माप तपासायचे गेज बनवणारे. गाव औद्योगिक झालं ते यांच्यामुळे.

समजा, रात्रपाळीत डायमधली कोअर पिन, म्हणजे भागात भोक ठेवणारी सळई, तुटली. मशीन उभं. गिऱ्हाइकाची गाडी दुपारी दोनला माल न्यायला येणार. वाळूजमध्ये सकाळी सातला टूलरूमवाल्याला, म्हणजे डाय आणि तिचे सुटे भाग बनवणाऱ्याला, फोन जातो. पिनचं मटेरियल त्याच्याकडे असतं, टर्निंग होतं, हार्डनिंगला पाठवायचं तर तेही जवळच. दुपारपर्यंत डायमधून पहिला भाग निघतो. हीच डाय फक्त जमीन स्वस्त आहे म्हणून निवडलेल्या एखाद्या नव्या वसाहतीत असती, तर पिन घेऊन माणूस पुण्याला निघाला असता आणि दिवस गेला असता. प्लॉटमध्ये वाचवलेले पैसे असे दोन-चार दिवस गेले की संपतात.

या बाबतीत शहर समृद्ध आहे. इंडो-जर्मन टूल रूम आहे, प्लास्टिकसाठी सिपेट ही सरकारी संस्था आहे, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. प्रेस पार्ट, कास्टिंग, मोल्डिंग, इलेक्ट्रिकल पॅनेल, दुचाकीचे भाग अशी ठरलेल्या ड्रॉइंगवर रोज हजारोंनी निघणारी कामं इकडे उत्तम चालतील. पण ज्या कामासाठी चाकणच्या कंपनीचा डिझाइन इंजिनिअर आठवड्यातून तीनदा तुमच्या टेबलाशी येऊन बसतो, ते काम पुण्यातच ठेवा.

मधली काही वर्षं आम्हाला जड गेली, तेही सांगायला हवं. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शहराजवळच्या चितेगावला तिच्या जिवावर उभ्या असलेल्या छोट्या उद्योगांचं काय झालं, ते आम्ही जवळून पाहिलं आहे. एकाच गिऱ्हाइकावर शेड चालवणं किती धोक्याचं, हे तिथे कळलं. आता दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधलं ऑरिक, म्हणजे शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांचं नियोजित औद्योगिक शहर, उभं राहतंय. शेंद्र्यात कोरियाची ह्योसंग आली. २०२४ मध्ये विजेवरच्या स्कूटर बनवणाऱ्या एथरने बिडकीनचा प्रकल्प जाहीर केला आणि टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सुमारे वीस हजार कोटींचा सामंजस्य करार केला. या बातम्यांनी आम्हा सगळ्यांना हुरूप आला आहे. तरी माझं सांगणं आहे की करार झाला म्हणजे ऑर्डर आली असं धरू नका. बिडकीनला यायचं तर आजच्या वाळूज-शेंद्र्याच्या गिऱ्हाइकांवर खर्च निघतो का, ते मांडा. टोयोटाचं काम मिळालं, तर ते वरकमाई समजा.

समृद्धीमुळे पुण्याहून आमच्याकडे येणं सोपं झालं, असा रस्त्याबद्दल पुणेकरांचा एक गैरसमज आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ पासून पूर्ण खुला. पण तो मुंबई आणि नागपूरला जोडतो. तुम्हाला यायचंय नगर रस्त्याने, साधारण २३५ किलोमीटर. ऊसतोडीच्या हंगामात त्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. भरलेला ट्रक पहाटे चाकणच्या गेटवर उभा करायचा असेल, तर ही वेळ हिशेबात धरा. निर्यातीचा माल मुंबईकडे पाठवणाऱ्यांना मात्र समृद्धीचा खरा फायदा आहे.

आता पाणी. शहराची आणि वसाहतींची तहान पैठणच्या जायकवाडीवर भागते. धरण मोठं, एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी, पण ते भरणं नाशिक-नगरच्या पावसावर आणि वरच्या धरणांवर अवलंबून. ऑक्टोबरच्या मध्याला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, असा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश आहे, आणि टंचाईच्या वर्षी त्यावरून दोन्हीकडे आंदोलनं होतात. २०१६ च्या दुष्काळात न्यायालयाच्या आदेशाने उद्योगांचं पाणी कापलं गेलं होतं. प्लेटिंग, डाइंग, अन्नप्रक्रिया यांपैकी काही करणार असाल, तर पाणी पुन्हा वापरण्याची सोय पहिल्या दिवसाच्या नकाशातच दाखवा.

अनुदानाचं थोडक्यात सांगतो. मराठवाड्याला पुण्यापेक्षा जास्त सवलती मिळतात, त्या जरूर घ्या, जिल्हा उद्योग केंद्रात कागद वेळेवर द्या. पण बँकेचा हप्ता त्या पैशांच्या भरवशावर ठेवू नका. ते पैसे येतात, तुमच्या हप्त्याच्या तारखेला येतीलच असं नाही.

सगळ्यात जास्त मला माणसांबद्दल बोलायचंय. तुमच्या शेडमध्ये मशीनवर कोण उभं आहे, ते एकदा नीट विचारा. बीडचा, जालन्याचा, परभणीचा, नांदेडचा मुलगा भोसरीत चौघांत मिळून खोली घेऊन राहतोय. गावी आई-वडील, थोडी कोरडवाहू जमीन. आमच्या ओळखीतला एक शिफ्ट इन्चार्ज असाच पुण्याहून परत आला. गंगापूर तालुक्यातलं गाव, वाळूजहून मोटारसायकलवर घरी जातो, पगार पुण्यापेक्षा कमी, तरी महिन्याकाठी हातात जास्त राहतात. कामावर टिकून आहे, आणि गावातली आणखी मुलं त्याने आणली. असा माणूस तुमच्याकडे आधीच असेल, तर नवी शेड उभी करायला सल्लागार शोधू नका, त्याला पुढे करा.

ज्यांना यायचं नाही, त्यांचाही विचार तितक्याच आस्थेने करा. पिंपरीत घर घेतलेला, मुलगी दहावीत असलेला टूलमेकर येणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणूनच पुण्यातली शेड चालू ठेवा म्हणतोय. तिथलं काम कमी करावंच लागलं, तर छाटणीत सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन आणि वर ग्रॅच्युइटी हा कामगाराचा हक्क आहे. ती रक्कम स्थलांतराच्या खर्चात पहिल्या ओळीत लिहा. ती लिहिल्यावर व्यवहार आतबट्ट्याचा ठरत असेल, तर तो मुळातच तसा होता.

जागा बघायला डिसेंबरात येऊ नका, तेव्हा सगळंच छान दिसतं. मे महिन्यात या. दुपारी दोनला पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहा, शेजारच्या कारखानदाराला टँकरचा दर विचारा, वीज किती वेळा जाते ते विचारा. संध्याकाळी वाळूजमधल्या बजाजनगरच्या चहाच्या टपरीवर सुटीनंतरच्या कामगारांशी बोला. रात्री मुक्काम करा आणि सकाळी तुमच्या कामाचे प्लेटिंगवाले आणि टूलरूमवाले गाठा. त्यांना तुमचं ड्रॉइंग दाखवा, भाव आणि मुदत लिहून घ्या. तो कागद हातात आला की मग प्लॉटचा अर्ज भरा.