कॉम्प्युटरनं लावलेले गुण आणि आपला माल

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहती: शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत किंवा आपलं जुनं उद्यमनगर. इथे कुणी कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, ओततं, कुणी मशीनिंगचं जॉबवर्क करतं, आणि मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या बहुतेकांना दर महिन्याला एक मेल येतो. व्हेंडर रेटिंग, म्हणजे पुरवठादाराला दिलेले गुण. शंभरपैकी ७८ किंवा ८४ असा आकडा आणि शेजारी ए, बी, सी असं एक अक्षर. बरेच जण तो मेल उघडतही नाहीत. माझं आज सांगणं एवढंच आहे, की तो उघडा आणि आकडा कसा निघाला ते विचारा. नवीन पार्टच्या दराची चौकशी कुणाला पाठवायची, कुणाचं शेड्यूल कमी करायचं, हे आता बऱ्याच ठिकाणी त्या आकड्यावर ठरतं. आणि तो काढायचं काम कॉम्प्युटरवर सोपवलेलं आहे.

ही पद्धत आली याचं मला वाईट वाटत नाही. उलट ओळखपाळख नसलेल्या, पण माल चोख देणाऱ्या छोट्या कारखानदाराला हिचा आधार मिळू शकतो. पण त्यासाठी तिचं आतलं गणित माहीत हवं.

साधी पद्धत अशी. गुणवत्तेला समजा ४० गुण, वेळेवर पुरवठ्याला ३०, किमतीला २०, प्रतिसादाला १०. प्रत्येकात मिळालेले गुण मिळवायचे, की झालं रेटिंग. खरी मेख आहे ती हे ४० आणि ३० कुणी ठरवले यात. १९६६ साली अमेरिकेत डिक्सन नावाच्या अभ्यासकानं खरेदी अधिकाऱ्यांची पाहणी करून पुरवठादार निवडीचे २३ निकष क्रमानं लावले. पहिला आला गुणवत्ता, दुसरा वेळेवर पुरवठा, तिसरा पूर्वीची कामगिरी. किंमत सहाव्या क्रमांकावर होती. आपल्याकडे दराच्या घासाघिशीत सगळा दिवस घालवणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

पुढे थॉमस साटी या गणितज्ञांनी या वजनांसाठी, म्हणजे कुठल्या निकषाला किती गुण ठेवायचे यासाठी, एक रीत बसवली. सगळे निकष एकदम समोर घ्यायचे नाहीत. दोन-दोन घ्यायचे आणि यांतला कुठला किती पट महत्त्वाचा, ते १ ते ९ या मापात सांगायचं. उत्तरं एकमेकांशी जुळत नसतील तर गणित ते दाखवून देतं. म्हणजे गुणवत्ता वेळेपेक्षा वरचढ, वेळ किमतीपेक्षा वरचढ आणि तरी किंमत गुणवत्तेपेक्षा वरचढ, असं कुणी लिहिलं तर ती विसंगती लपत नाही. ही रीत मला मनापासून आवडते, कारण ती खरेदी विभागालाही स्वतःशी प्रामाणिक राहायला लावते.

आता गुणवत्तेचे गुण. ते पीपीएमवर निघतात, म्हणजे दहा लाख नगांमागे किती नग रिजेक्ट. एका फाउंड्रीनं, म्हणजे ओतशाळेनं, २,००० नग दिले, ४ परत आले. तिचा पीपीएम २,०००. दुसऱ्या छोट्या फाउंड्रीनं ५० नग दिले आणि एकाच नगात ब्लो होल, म्हणजे वायूमुळे राहिलेली पोकळी, निघालं. तिचा पीपीएम २०,०००! एका नगानं दहा पट वाईट ठरली ती. तिचं काम खरंच दहा पट वाईट आहे का? ५० नगांवरून ते सांगताच येत नाही. म्हणून लॉट लहान असतील तर एका महिन्याचा पीपीएम धरू नका, सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा एकत्र धरा, अशी मागणी लेखी करायला हवी. ही सवलत नव्हे, हा संख्याशास्त्राचा साधा नियम आहे.

त्यातही ब्लो होल कुठे सापडलं याला फार महत्त्व आहे. कास्टिंग वरून स्वच्छ दिसतं, शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक छऱ्यांचा मारा, होऊन चकचकीत निघतं. मग बोअरिंगचा, म्हणजे आतलं भोक कापण्याचा, दुसरा कट लागला की आतली पोकळी उघडी पडते. तोवर त्या नगावर दोन-तीन ऑपरेशनं झालेली असतात. १८० रुपयांच्या कास्टिंगवर समजा १५० रुपयांचं मशीनिंग बसलं, तर वाया गेले ३३०. दहा रुपये स्वस्त दर देणारी फाउंड्री अशी महाग पडते. ज्या प्रणालीत हा खर्च धरलेला नसतो तिथे स्वस्त दरवाला वर येतो आणि चांगलं काम करणारा मागे पडतो. आपल्या प्रत्येक नगावर हीट नंबर, म्हणजे तो वितळवलेल्या धातूच्या कुठल्या खेपेतला ते सांगणारा आकडा असेल, त्या हीटमधले घटक दाखवणारा स्पेक्ट्रोमीटरचा रिपोर्ट आणि साच्याच्या वाळूच्या चाचणीची नोंद फाइलला असेल, तर बिलातून पैसे कापल्याची डेबिट नोट आल्यावर पुराव्यानिशी बोलता येतं. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार या जुन्या कारागीर-उद्योजकांपासून या गावात कसबी माणसं तयार होत आली. पण ज्या कसबाची नोंद नाही, त्याला ही प्रणाली शून्य धरते.

वेळेच्या गुणांत याहून मोठी गफलत असते. गाडी शनिवारी संध्याकाळी चाकणच्या कंपनीच्या गेटवर लागली. माल उतरला सोमवारी, पावती सिस्टीममध्ये चढली सोमवारी दुपारी. कॉम्प्युटर म्हणणार, दोन दिवस उशीर. ड्रायव्हरकडच्या चलनावर गेटचा शिक्का आणि वेळ घेतली असेल तरच हे दुरुस्त होतं. ड्रायव्हरला तेवढं बजावून सांगा. आणखी एक. उशीर टाळायला आपण रातोरात जादा भाड्याची गाडी करतो आणि सुटलो म्हणतो. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकात अशा जादा भाड्याच्या फेऱ्याही पुरवठादाराच्या खात्यावर मोजायला सांगितल्या आहेत. गाडी वेळेत पोचली तरी नोंद राहतेच.

हल्ली जुन्या ऑर्डरींवरून शिकून नवीन पुरवठादार सुचवणाऱ्या प्रणालीही आल्या आहेत. त्यांची मला काळजी वाटते. ज्याला कधी ऑर्डरच मिळाली नाही त्याची माहिती तिथे नाही, आणि माहिती नाही म्हणून पुढेही त्याचं नाव येणार नाही. नव्या मुलामुलींनी काढलेले कारखाने यात बाहेरच राहतील. काही टक्के काम नव्या पुरवठादारांना चाचणी म्हणून द्यायचं, असा नियम माणसानंच घालून द्यावा लागेल.

आणि खरेदीदाराचे गुण? सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे, असं २००६ चा कायदा सांगतो. करार नसेल तर १५ दिवसांत. आपण प्रत्येक गिऱ्हाइकाचं बिल किती दिवसांनी सुटलं ते लिहून ठेवलं, तर कुणाची नवीन चौकशी आधी घ्यायची हे आपल्यालाही ठरवता येईल.

शेवटी पावसाळ्याचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि शिरोलीजवळ वाहतूक बंद झाली. माल तयार, गाडी भरलेली, पण रस्ताच नाही. प्रणालीला पूर कळत नाही. तिला फक्त तारीख कळते. म्हणून खरेदी विभागाला मे महिन्यातच पत्र पाठवा. महामार्ग बंद असल्याचे दिवस वेळेच्या गुणांतून वगळावेत, आणि पावसाळ्यापुरता थोडा माल त्यांच्याकडच्या गोदामात आधीच ठेवायची मुभा द्यावी, असं त्यात स्पष्ट मागा. उत्तर लेखीच घ्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागल्यावर केलेला फोन कुठल्याही रेटिंगमध्ये धरला जात नाही.

नमस्कार.