१ सप्टेंबर १९७१ : ना जयंती, ना पुण्यतिथी

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर 'बेसबॉल संघाच्या इतिहासातील एक दिवस' असं छापलेलं असूनही सभागृह निम्मं भरलंय, याचं श्रेय मी उद्याच्या गायनाच्या कार्यक्रमाला देतो. त्याच्या प्रवेशिका आज इथेच मिळणार आहेत, हे मला ठाऊक आहे. (हशा)

आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या. आपल्याकडच्या 'दिनविशेष' सदरांशी माझं जुनं भांडण आहे. एका दैनिकाला, नाव घेत नाही, मी १ सप्टेंबरसाठी चार ओळी लिहून पाठवल्या. उपसंपादकांचा फोन आला. "सर, या दिवशी कोण जन्मलं?" म्हटलं, कोणी नाही. "मग गेलं कोण?" म्हटलं, तसंही काही नाही, एक सामना झाला. "अंतिम सामना?" नाही हो, चालू हंगामातला, बुधवारचा. "मग विक्रम झाला असेल." तोही नाही. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. आमच्या दिनविशेषात दाखल व्हायचं तर माणसाला एक तर जन्मावं लागतं, नाही तर मरावं लागतं. नुसतं बुधवारी कामावर गेलं, तर त्याची दखल नाही.

तर तो बुधवार. पिट्सबर्ग पायरेट्स विरुद्ध फिलाडेल्फिया फिलीज, थ्री रिव्हर्स स्टेडियम, संध्याकाळची वेळ. प्रेक्षक ११,२७८. मैदान जेमतेम वर्षभरापूर्वी उघडलेलं, पन्नास हजारांच्या आसपास माणूस मावेल एवढं. म्हणजे तिथेही आजच्यासारखीच गर्दी होती. (हशा) आपल्याकडे त्या आठवड्यात दुसरं काही ऐकायला कुणाचे कान रिकामे नव्हते. २४ ऑगस्टला वाडेकरच्या संघाने ओव्हल मारलं होतं. चंद्राचे ३८ धावांत ६ बळी, अबिद अलीचा तो फटका... नको, तिकडे गेलो तर मी परत येणार नाही. पुढच्या रांगेतल्या काकांचे डोळे आत्ताच चमकलेत.

पायरेट्सचे मॅनेजर, म्हणजे संघ निवडणारे प्रशिक्षक, डॅनी मर्टॉ यांनी यादी लिहिली. फलंदाजीच्या क्रमाने वाचतो. रेनी स्टेनेट, जीन क्लाइन्स, रोबेर्तो क्लेमेंटे, विली स्टार्जेल, मॅनी सँगिएन, डेव्ह कॅश, अल ऑलिव्हर, जॅकी हर्नांडेझ आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डॉक एलिस. स्टेनेट आणि सँगिएन पनामाचे, क्लेमेंटे पोर्तो रिकोचा, हर्नांडेझ क्यूबाचा, बाकीचे पाच अमेरिकी कृष्णवर्णीय. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या, इतिहासात सुरुवातीच्या नऊ जणांत एकही गोरा नाही, असं पहिल्यांदा झालं. गोऱ्यांच्या या लीगचं दार कृष्णवर्णीयांना उघडून देणारा जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ला ब्रुकलिन संघाकडून उतरला, त्याला चोवीस वर्षं होऊन गेली होती.

आणि गंमत अशी की मैदानावरच्यांच्याही ते पटकन लक्षात आलं नाही. ऑलिव्हर पुढे सांगायचा, नऊपैकी तिसऱ्या-चौथ्या इनिंगला डेव्ह कॅश जवळ येऊन म्हणाला, अरे, आज आपण सगळे आपलेच आहोत की! गोड आठवण आहे. पण धावफलक काढून बघा. डॉक एलिसला त्या दिवशी काही सापडत नव्हतं, दुसऱ्या इनिंगमध्येच त्याला काढावं लागलं. त्याच्या जागी आलेला बॉब मूझ गोरा. पुढे सहा इनिंग टाकून विजयी पिचर म्हणून सामना ज्याच्या खात्यावर जमा झाला तो ल्यूक वॉकर, तोही गोरा. म्हणजे कॅशच्या लक्षात आलं तेव्हा ते नऊ जण मैदानावर उरलेही नव्हते! दीड इनिंगसुद्धा पुरी टिकली नाही ती गोष्ट. आठवणी खोट्या असतात असं मी म्हणत नाही; सोयीच्या इनिंगमध्ये जाऊन बसतात एवढंच.

डॉक एलिसबद्दल तुम्हाला भलतंच काही ऐकायचं असणार. आदल्या वर्षी १२ जूनला सान डिएगोविरुद्ध त्याने नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही यशस्वी फटका मारू दिला नाही, आणि नंतर सांगितलं की तेव्हा आपण एलएसडीच्या अमलाखाली होतो. तो किस्सा कुठेही मिळेल. मला त्याची दुसरी गोष्ट जास्त आवडते. १९७१च्या ऑल-स्टार सामन्याआधी, म्हणजे मेजर लीगच्या दोन गटांतल्या निवडक खेळाडूंच्या लढतीआधी, तो जाहीरपणे म्हणाला, समोरच्या अमेरिकन लीग या गटाकडून व्हायडा ब्लू हा काळा पिचर सुरुवात करणार, तेव्हा आपल्या बाजूने सुरुवात मला देणार नाहीत. दोन काळे पिचर समोरासमोर त्यांना चालायचे नाहीत. झालं, इतकी बोंबाबोंब झाल्यावर त्यालाच द्यावी लागली. यादी कोण लिहितो आणि कुणाच्या धाकाने लिहितो, हे त्याला बरोबर कळत होतं. आपल्याला कळायला हरकत नाही. दलित गोलंदाज पळवणकर बाळूंनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्या घरात यायला १९२३ उजाडलं, तेही भावाकडे, विठ्ठलकडे. चेंडू टाकायला बाळू चालत होते. यादी लिहायला नाही.

सामना पायरेट्सनी १० विरुद्ध ७ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी पिट्सबर्गच्या पेपरात काय आलं? काहीच नाही. शहरातली दोन्ही मोठी दैनिकं संपामुळे बंद होती! मर्टॉ यांना विचारलं गेलं तेव्हा ते म्हणाले, मी माझे सर्वोत्तम नऊ उतरवले, आज ते काळे निघाले, इतकंच.

ही अध्यक्षांची चिठ्ठी आली. "सात मिनिटे." मुख्य मुद्दा तर आता सुरू होतोय. असो, धावत सांगतो.

मर्टॉ यांचं 'इतकंच' मला पुरतं पटत नाही. त्या रात्री फिलीजचा पिचर वुडी फ्रायमन डावखुरा होता. डावखुऱ्या पिचरसमोर डावखुरा फलंदाज अडखळतो, म्हणून अशा वेळी डावखुऱ्या ऑलिव्हरला बसवून उजव्या बॉब रॉबर्टसनला खेळवण्याचा त्यांचा रिवाज होता. त्या दिवशी तो का मोडला, हे ऑलिव्हरलाही कोडंच वाटलं. पण तेही सोडून देऊ. सर्वोत्तम नऊ काळे निघण्यासाठी ते आधी संघात असावे लागतात, आणि ते आभाळातून पडत नाहीत. ब्रँच रिकी, ज्यांनी रॉबिन्सनला करारबद्ध केलं, ते १९५०च्या शेवटी पिट्सबर्गला आले. हॉवी हाक नावाचा त्यांचा स्काऊट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा, पुढे वर्षानुवर्षं कॅरिबियन पालथं घालत होता. सँगिएन त्यानेच आणला. दुसरा स्काऊट क्लाइड सुकफोर्थ. १९५४ साली हा ब्रुकलिनच्या माँट्रियल इथल्या दुय्यम संघातल्या एका पिचरला बघायला गेला आणि सरावात एका पोराचा थ्रो बघून थांबला. ब्रुकलिनवाले त्या पोराला मुद्दाम फारसं खेळवत नव्हते, कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. पायरेट्स शेवटच्या क्रमांकावर होते, म्हणून निवडीचा पहिला हक्क त्यांचा. ४,००० डॉलरमध्ये क्लेमेंटे मिळाला. आणि १५ एप्रिल १९४७ला रॉबिन्सन खेळला तेव्हा ब्रुकलिनचा हंगामी मॅनेजर कोण होता? हाच सुकफोर्थ! मॅनेजर लिओ ड्युरोशर निलंबित होता, म्हणून त्या दिवशीची यादी याने दिली. दोन तारखांच्या मध्ये हा एक माणूस उभा आहे आणि त्याचं नाव एकाही दिनविशेषात नाही.

दुसरी चिठ्ठी. ठीक आहे, शेवटचं. पायरेट्स त्या वर्षी बाल्टिमोरला सात सामन्यांत हरवून जगज्जेते झाले, क्लेमेंटे मालिकावीर. सगळं खरं. पण मैदानावर नऊच्या नऊ काळे असलेल्या त्या रात्रीही मेजर लीगमधल्या एकाही संघाचा मॅनेजर काळा नव्हता. ऑक्टोबर १९७२मध्ये वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, वेळी जॅकी रॉबिन्सनने हे भर मैदानात बोलून दाखवलं, आणि नऊ दिवसांनी तो वारला. पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर झाला फ्रँक रॉबिन्सन, ७१ साली बाल्टिमोरकडून पायरेट्सविरुद्ध हरलेला. क्लीव्हलंडकडून पहिला सामना ८ एप्रिल १९७५, आणि स्वतःच लिहिलेल्या यादीत स्वतःचं नाव घालून पहिल्याच खेपेला त्याने होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारला. त्या तारखेवर बोलायला पुढच्या वर्षी बोलवा, फक्त गायनाच्या आदल्या दिवशी ठेवू नका.