अंतरपाट, दोन मीटर आणि एक लेन्स

[दृश्य : मंगल कार्यालयाचा स्टेज, मंगलाष्टकं सुरू]

बाहेर भर दुपारचं ऊन आहे. आत मात्र पिवळट झुंबरं आणि स्टेजवर जांभळे-निळे एलईडी. नवरीच्या पाठीशी मामा, करवल्या कलश घेऊन उभ्या, आणि चहूबाजूंनी अक्षता घेतलेली माणसं. 'शुभमंगल सावधान' होतं, अंतरपाट दूर होतो आणि दोघं एकमेकांकडे पाहतात. जेमतेम चार-पाच सेकंद. हा फोटो हुकला तर पुन्हा घ्या म्हणायची सोय नाही. कमी बजेटमध्ये त्यासाठी आधी कोणती लेन्स घ्यावी, ते पाहू.

नवीन फोटोग्राफरकडे या वेळी बहुधा कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ एमएमची झूम, म्हणजे किट लेन्स असते. झूम केलं की तिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, एफ ५.६ वर जाऊन बसतं (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान). हार घालणारे हात धूसर येऊ नयेत म्हणून शटर १/२०० सेकंद तरी लागतं. मग आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत चढवावा लागतो आणि शालूच्या जरीत दाणे दिसू लागतात.

तेच अ‍ॅपर्चर एफ १.८ असेल तर प्रकाश जवळजवळ दहापट मिळतो. ६४०० चं काम ६४० वर भागतं. म्हणून बजेट कमी असेल तर पहिला पैसा झूमवर नाही, मोठ्या अ‍ॅपर्चरवर घालावा.

[दृश्य : अंतरपाट धरणाऱ्याच्या खांद्यालगत उभा फोटोग्राफर]

पण कोणती लेन्स? सगळे सांगतात, ५० एमएम घे (एमएमचा आकडा मोठा तितकी चौकट अरुंद). स्वस्त आहे, चेहरे सुंदर येतात, हळदीला आणि मुंडावळ्या बांधताना तिच्यासारखी लेन्स नाही. अंतरपाटाशी मात्र ती अडते. तिथे दोन्ही चेहरे सारख्या अंतरावर मिळायचे तर उभं राहायची जागा एकच, अंतरपाटाच्या टोकाशी. मागे नातेवाईक, बाजूला व्हिडिओवाला. दोन मीटर मिळाले तरी पुष्कळ. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, तेवढ्या अंतरावरून ५० एमएमच्या चौकटीत ९०-९५ सेंटीमीटरच मावतात. नवरा आला तर नवरी कापली जाते. ३५ एमएम लावा, सव्वा मीटरहून जास्त मावतं. शिवाय एफ १.८ वर ५० चा फोकस साधारण १२ सेंटीमीटर खोलीपुरताच धरतो, ३५ चा त्याच्या दुप्पट. एक जण किंचित पुढे झुकला तरी दोघांचे डोळे स्पष्ट राहतात. क्रॉप सेन्सरची बॉडी (कॅमेरा) असेल तर आम्ही आधी ३५ च घ्यायला सांगू.

निकॉनच्या डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी 'डी' मालिकेची, स्वतःची मोटर नसलेली लेन्स त्यावर बसते, पण ऑटोफोकस होत नाही. लग्नाच्या गर्दीत हाताने फोकस जुळवणं जमायचं नाही, तेव्हा स्वस्तात मिळते म्हणून ती घेऊ नका.

पुढच्या सिझनला थोडे पैसे जमले की १७-५० एमएम एफ २.८ झूम घ्या. टॅमरॉनची ही लेन्स २००६ मध्ये बाजारात आली, त्यामुळे सेकंड हँड सहज सापडते. झूम कितीही करा, एफ २.८ कायम राहतं. म्हणजे किट लेन्सच्या एफ ५.६ पेक्षा चौपट प्रकाश. आणि ग्रुप फोटो? तिथे फ्लॅश लावून एफ ५.६ वरच काम करायचं असतं, जुनी किट लेन्स पुरते.

[दृश्य : हातातली लेन्स, आरपार टॉर्चचा उजेड]

सेकंड हँड लेन्स घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मोबाईलच्या टॉर्चचा उजेड तिरपा आरपार सोडा. काचेवर कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती हमखास धरते. साफ करून मिळते, पण काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर ते भरून येत नाही. किंमत कितीही उतरवली तरी अशी लेन्स सोडा.

राहिली ७०-२०० एफ २.८. दीड किलोच्या आसपास वजन, किंमत सुरुवातीच्या बॉडीच्या कितीतरी वर. पाठवणीला लांबून चेहरे टिपायला ती लागतेच, पण विकत कशाला? ऑर्डर पक्की झाली की भाड्याने ठरवा आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आणा, म्हणजे फोकस नीट बसतो की नाही ते घरीच तपासता येईल.