टेल्युरिअम आधी, आयोडीन नंतर

(दृश्य : आवर्तसारणीतली 52 आणि 53 ही दोन घरं)

52 व्या घरात टेल्युरिअम, 53 व्या घरात आयोडीन. अणुवस्तुमान बघा: टेल्युरिअम 127.6, आयोडीन 126.9. जड मूलद्रव्य आधी आलंय, हलकं नंतर.

1869 मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यांनी तेव्हा माहीत असलेली 63 मूलद्रव्यं अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमानं लावली. इथे मात्र त्यांनी क्रम मोडला आणि गुणधर्मांचं ऐकलं. आयोडीनचा अणू हायड्रोजनच्या एका अणूशी जोडला जातो, क्लोरीन-ब्रोमीनसारखा. टेल्युरिअमला दोन लागतात, गंधकासारखे. टेल्युरिअमचं वजन मोजण्यात चूक झाली असावी, असं मेंडेलीव्ह यांना वाटलं. नंतर ते पुन्हा पुन्हा मोजलं गेलं. चूक निघाली नाही. जागा अचूक होती, अंदाज चुकला होता.

(दृश्य : क्ष-किरणांच्या फोटोपट्ट्या, एकाखाली एक)

1913. मँचेस्टरमध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझ्ले यांनी निर्वात नळीत धातूंवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला. निघालेले क्ष-किरण स्फटिकावरून वळवून फोटोच्या काचेवर घेतले. प्रत्येक धातूच्या दोन ठळक रेषा. कॅल्शिअमपासून जस्तापर्यंतच्या पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या, की रेषा पायरी-पायरीनं सरकतात. स्कँडिअमचा नमुना नव्हता, तिथे बरोबर एका पायरीची जागा रिकामी दिसते. जस्तासाठी पितळ वापरलं, म्हणून त्या पट्टीत तांब्याच्याही रेषा उमटल्या. नमुन्यातली भेसळसुद्धा लपत नाही.

क्ष-किरणांच्या वारंवारतेचं वर्गमूळ दर घराला सारख्याच फरकानं वाढतं. म्हणजे घराचा क्रमांक ठरवतो तो केंद्रकावरचा धनप्रभार, आजच्या भाषेत प्रोटॉनांची संख्या. कोबाल्ट 27, निकेल 28, जरी निकेल किंचित हलकं असलं तरी.

मग वजन का फसवतं? कारण ते समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंची, सरासरी असते. निसर्गातलं कोबाल्ट सगळं 59 वस्तुमानांकाचं (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून 59). निकेलमध्ये 58 वस्तुमानांकाचे अणू सुमारे 68 टक्के, म्हणून सरासरी खाली येते. टेल्युरिअमचं उलट: त्यात 128 आणि 130 चे अणू भरपूर, तर आयोडीन फक्त 127 चं.

(दृश्य : 43, 61, 75 ही घरं रिकामी)

ॲल्युमिनिअमपासून सोन्यापर्यंत मोजून मोझ्ले यांनी 1914 मध्ये ही तीन घरं रिकामी असल्याचं सांगितलं. रेनिअम (75) 1925 मध्ये सापडलं, टेक्नेशिअम (43) 1937 मध्ये, प्रोमेथिअम (61) 1945 मध्ये. यातलं एकही त्यांना पाहता आलं नाही. ऑगस्ट 1915 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, ते पहिल्या महायुद्धात, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले.