पुढची इलेक्ट्रिक गाडी आणि दरमहाचं स्टीअरिंग

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत २०१९ ते २०२२ च्या सुमारास पहिली इलेक्ट्रिक गाडी घेतलेली मंडळी सध्या दुसरीच्या विचारात आहेत. एडिसन असो, फ्रीमाँट असो की डॅलसजवळचं फ्रिस्को, मराठी घरांपुढे तेव्हा उभी राहिलेली टेस्लाची मॉडेल थ्री, शेव्हरलेची बोल्ट किंवा फोर्डची मॅक-ई आता लीज संपून परत तरी जाते आहे, नाहीतर विकायला तरी निघाली आहे. आजचं बोलणं त्या घरांसाठी.

पहिली गाडी घेतली तेव्हाचा हिशेब आता लागू नाही. नव्या गाडीवरची साडेसात हजार डॉलरची फेडरल करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. वापरलेल्या गाडीवरची चार हजारांचीही तेव्हाच गेली. आणि गाडीच्या किमतीत न दिसणारा एक खर्च मागच्या दाराने आत आला आहे: गाडी स्वतः लेन धरते, वेग सांभाळते, प्रसंगी वळते, त्याची महिन्याची वर्गणी.

आमचा सल्ला असा की ही वर्गणी नाहीच असं धरून गाडी निवडावी, आणि गाडी ठरल्यावर वर्गणीचा विचार करावा. शोरूममध्ये नेमकं उलट घडतं. दहा मिनिटांची फेरी, स्टीअरिंग आपोआप फिरतं, घरातली सगळी खूश, आणि बॅटरीचा, चार्जिंगचा प्रश्न विचारायचा राहून जातो.

ही वर्गणी कशाची, ते आधी समजून घेऊ. समोरची गाडी थांबली तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा जवळपास प्रत्येक नव्या गाडीत वेगळे पैसे न देता येते. तिच्यामुळे मागून धडकण्याचे अपघात साधारण निम्मे होतात, हे विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयआयएचएस या संस्थेने दाखवलेलं आहे. पैसे मोजून मिळते ती त्यापुढची सोय, म्हणजे लेन धरून ठेवणं आणि हात सोडू देणं. तिच्यामुळे अपघात कमी होतात असा ठोस पुरावा त्याच संस्थेला मिळालेला नाही. मार्च २०२४ मध्ये त्यांनी अशा १४ यंत्रणा तपासल्या. चालकाचं लक्ष रस्त्यावर आहे ना, हे यंत्रणा कितपत पाहते, हा मुख्य निकष होता. ११ यंत्रणांना सर्वांत खालची श्रेणी मिळाली. फक्त लेक्ससची एक यंत्रणा ‘स्वीकारार्ह’ ठरली, ‘उत्तम’ एकही नाही. तेव्हा आपण पैसे देतो ते आरामासाठी. चार तासांच्या प्रवासानंतर खांदे कमी दुखतात, गर्दीत थांब-चाल करताना चिडचिड होत नाही. या आरामाला किंमत आहे, फक्त सुरक्षा विकत घेतो आहोत अशा समजुतीत राहू नये.

टेस्ला, फोर्ड, जीएम (जनरल मोटर्स) यांच्या विकत मिळणाऱ्या या सगळ्या यंत्रणा ‘लेव्हल टू’ आहेत. गाडी काहीही करत असो, चालक तुम्ही. दंडाची पावती तुमच्या नावावर, अपघाताची जबाबदारी तुमची. टेस्लाच्या ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ (एफएसडी) या नावाला २०२४ पासून ‘सुपरवाइज्ड’, म्हणजे देखरेखीखाली, ही शेपटी जोडलेली आहे. नावातला कामाचा शब्द तोच.

आता दर. टेस्लाच्या एफएसडीची वर्गणी जुलै २०२१ मध्ये महिन्याला १९९ डॉलरने सुरू झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये ९९ वर आली. एकरकमी किंमत सप्टेंबर २०२२ मध्ये १५ हजार डॉलरपर्यंत चढली होती, ती १२ आणि मग आठ हजारांवर उतरली. म्हणजे १५ हजार भरणाऱ्याला सुमारे दीड वर्षात तीच वस्तू जवळपास निम्म्या किमतीत विकली जाताना पाहावी लागली. जानेवारी २०२६ मध्ये तर कंपनीने एकरकमी विक्री बंद करून फक्त वर्गणी ठेवण्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास अमेरिकेत नव्या मॉडेल थ्री आणि मॉडेल वायमधून लेन धरणारी फुकटची यंत्रणाही काढली. राहिला तो पुढच्या गाडीचं अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल. जुनी मॉडेल थ्री देऊन नवी घेणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. आज जे फुकट वापरता, ते नव्या गाडीत वर्गणीशिवाय मिळणार नाही.

फोर्डचं ब्लूक्रूझ महिन्याला ५० डॉलर किंवा वर्षाला ४९५ या दराने मिळत आलं आहे, आणि एकदाच भरायचे तर २,४९५. जीएमचं सुपर क्रूझ नव्या गाडीबरोबर साधारणपणे तीन वर्षं किमतीतच मिळतं, पुढे वर्गणी. ती किती, हे डीलरकडून कागदावर लिहून घ्या. ह्युंदाई आणि कियाची हायवेवरची मदत वर्गणीशिवाय येते. तिथे स्टीअरिंगवर हात ठेवावा लागतो, पण एवढ्यावर बऱ्याच घरांचं भागतं. विक्रेता मात्र हे आपण होऊन सांगणार नाही.

वर्षाचे गहू एकदम भरून ठेवायची सवय आपल्याला आहे, त्यामुळे एकदाच काय ते भरून टाकू असं वाटतं. इथे तसं करू नये. फोर्डचा हिशेब करू. ४९५ ची वार्षिक वर्गणी दहा महिन्यांच्या सुट्या वर्गणीइतकी पडते. तुमचे लांबचे प्रवास उन्हाळ्याचे दोन महिने आणि डिसेंबर एवढेच असतील, तर सुटे तीन महिने १५० डॉलरमध्ये होतात. २,४९५ भरले तर ते वार्षिक वर्गणीच्या तुलनेत पाच वर्षांनी वसूल होतात, आणि लीज तीन वर्षांची असते. टेस्लाचंही तसंच. वर्षभर ९९ म्हणजे १,१८८ डॉलर. रोज हायवेवर तास-दीड तास जाणाऱ्याला ते परवडतील. घरून काम करणाऱ्याने लांब प्रवासाच्या महिन्यापुरती सुरू करावी आणि महिना संपण्याआधी ॲपमधून बंद करावी.

एकरकमी देण्यात दुसरी अडचण अशी की बॅटरी आणि कॅमेऱ्यामागचा संगणक एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्यांकडे आठ वर्षं किंवा एक लाख मैल आहे, आणि क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर दावा करता येतो. संगणक त्याच्या निम्म्या काळात मागे पडतो. टेस्लाचा ‘हार्डवेअर थ्री’ हा संगणक २०१९ मध्ये आला. २०२३ पासून ‘हार्डवेअर फोर’ बसू लागलं, त्याचे कॅमेरे सुमारे पाच मेगापिक्सेलचे, आधीचे १.२ मेगापिक्सेलचे होते. नंतरच्या मोठ्या सुधारणा आधी नव्या हार्डवेअरला मिळाल्या. जानेवारी २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी कबूल केलं की एफएसडी विकत घेतलेल्यांच्या हार्डवेअर थ्री गाड्यांचा संगणक बदलून द्यावा लागेल. दरमहा पैसे भरणाऱ्यांना त्यात काही वचन नव्हतं.

म्हणून वापरलेली टेस्ला पाहायला जाल तेव्हा गाडीत बसून पडद्यावर ‘कंट्रोल्स’ उघडा, ‘सॉफ्टवेअर’ निवडा आणि ‘ॲडिशनल व्हेइकल इन्फर्मेशन’ दाबा. कोणता संगणक आहे ते तिथे लिहिलेलं असतं. २०२३ ची मॉडेल वाय दोन्ही प्रकारांत आहे, त्यामुळे नुसत्या वर्षावर विसंबू नका. विकणारा म्हणाला की ‘एफएसडी विकत घेतलेलं आहे’, तर तेही त्याच सॉफ्टवेअरच्या पानावर पाहा. वर्गणीवर चालू असेल तर ती गाडीसोबत तुमच्याकडे येत नाही.

मदतीची ही यंत्रणाच तुमचं मुख्य आकर्षण असेल, तर गाडी विकत घेण्यापेक्षा तीन वर्षांची लीज शहाणपणाची. आकर्षण बॅटरी आणि पेट्रोलची बचत हे असेल, तर विकत घ्या, दहा वर्षं वापरा आणि वर्गणीचं नाव काढू नका.

यंत्रणा कुठे फसते ते पाहू. सुपर क्रूझ आणि ब्लूक्रूझ आधी नकाशा तयार केलेल्या रस्त्यांवरच हात सोडू देतात. जीएमचं जाळं अमेरिका-कॅनडात काही लाख मैलांचं, फोर्डचं सुमारे एक लाख तीस हजार मैलांचं आणि तेही विभाजित हायवेंचं. घरापासून ऑफिसपर्यंत तुम्ही गल्लीबोळांतून जात असाल तर ब्लूक्रूझ तुमच्या काही कामाचं नाही. टेस्ला गल्लीतही चालते, पण तिची सगळी भिस्त कॅमेऱ्यांवर. सकाळी पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला जाणाऱ्यांच्या कॅमेऱ्यात सूर्य थेट शिरतो, मग इशारा येतो आणि गाडी तुमच्या हाती सोपवली जाते. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला, कॅमेऱ्यासमोर, कालांतराने धुरकट थर बसतो. असे इशारे अचानक वाढले तर तो सर्व्हिस सेंटरमध्ये साफ करून घ्या. काच फुटून बदलली तर कॅमेऱ्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक जुळवणी, नव्याने व्हावं लागतं. टेस्लात ते साधारण वीस-पंचवीस मैल चालवून होतं आणि तोवर ही सोय बंद असते. इतर कित्येक गाड्यांना वर्कशॉपमध्ये ठरावीक अंतरावर फलक लावून ते करावं लागतं आणि बिल वेगळं येतं. काचेच्या विम्यात कॅलिब्रेशन धरलं आहे का, हा प्रश्न विमा एजंटला आजच विचारून ठेवा.

कारण नसताना गाडी दचकून ब्रेक मारते, त्याला फँटम ब्रेकिंग म्हणतात. पुलाची सावली, शेजारच्या सर्व्हिस रोडची वेगमर्यादा आपली समजणं, अशी त्याची कारणं. त्या क्षणी ॲक्सिलरेटर हलका दाबला की गाडी पुन्हा वेग धरते. मागे ट्रक असेल तर हे माहीत असणं फार मोलाचं आहे.

याच्या नेमका उलट दोष जास्त घातक. रात्री हायवेवर बंद पडून उभी असलेली गाडी. पूल, पाट्या, कठडे असं स्थिर सामान रस्त्यावर सतत असतं, आणि प्रत्येकाला अडथळा मानलं तर गाडी पावलोपावली थांबेल. म्हणून मोठ्या वेगात दूरच्या स्थिर वस्तूंना प्रतिसाद न देण्याची तडजोड काही यंत्रणांत केलेली असते. २०२४ च्या सुरुवातीला सॅन अँटोनियो आणि फिलाडेल्फियात ब्लूक्रूझ चालू असलेल्या मॅक-ई गाड्या उभ्या गाड्यांवर आदळून माणसं गेली. त्यानंतर फेडरल वाहनसुरक्षा विभागाने चौकशी सुरू केली, आणि ताशी ६२ मैल किंवा त्याहून जास्त वेगाला ही तडजोड लागू असल्याचं त्यातून पुढे आलं. टेस्लाच्या एफएसडीचीही वेगळी चौकशी ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली, लाल दिवा तोडणं आणि चुकीच्या लेनमध्ये शिरणं या तक्रारींवरून. तिच्या कक्षेत सुमारे २९ लाख गाड्या येतात. तेव्हा रात्री, पावसात आणि रस्त्याच्या कामाच्या पट्ट्यात हात स्टीअरिंगवरच असू द्या, मग जाहिरातीतला माणूस टाळ्या वाजवत असला तरी.

लक्ष ठेवणारा कॅमेरा तुमच्याकडेही पाहतो. टेस्लात फोनकडे वारंवार नजर गेली तर ‘स्ट्राइक’ मिळतात. पाच झाले की साधारण आठवडाभर यंत्रणा बंद, वर्गणी भरलेली असली तरी. काही गडद गॉगल्समधून कॅमेऱ्याला डोळे दिसत नाहीत आणि इशारे वाजत राहतात. चाचणीला जाताना रोजचाच गॉगल घालून जा. आणि डीलरच्या ठरलेल्या फेरीवर नका जाऊ. तुमचा रोजचा रस्ता, तुमची वेळ आणि त्यातला सगळ्यात कठीण तुकडा मागा: दिव्याविना डावीकडे वळण, छोटा मर्ज, शाळेच्या बसचा थांबा.

आता गाडीबद्दल, थोडक्यात. नव्या गाड्यांना टेस्लाच्या पद्धतीचं, म्हणजे नॅक्स, पोर्ट येऊ लागलं आहे. त्यामुळे सुपरचार्जर, म्हणजे टेस्लाचा वेगवान चार्जर, वापरता येतो, पण व्ही-टू प्रकारचे जुने सुपरचार्जर इतर कंपन्यांना खुले नाहीत. ह्युंदाईच्या आयोनिक फाइव्हसारख्या ८०० व्होल्टच्या गाड्यांत एक गंमत आहे. तिला ३५० किलोवॉटच्या सीसीएस (टेस्लाहून वेगळ्या प्लगच्या) चार्जरवर ॲडॉप्टर लावून १० वरून ८० टक्क्यांना सुमारे २० मिनिटं लागतात, आणि ॲडॉप्टरशिवाय सुपरचार्जरवर सुमारे ३०. तिथले बहुतेक सुपरचार्जर ४०० व्होल्टच्या गाड्यांच्या हिशेबाने बनलेले आहेत, म्हणून. ह्युंदाई-कियाची वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेत असाल तर आयसीसीयू या भागाचा रिकॉल पूर्ण झाला आहे का, ते व्हीआयएन नंबर टाकून तपासा. तो भाग बिघडला की छोटी १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होत नाही आणि गाडी रस्त्यातच ताकद गमावते. घरचा जुना चार्जर फेकू नका, ॲडॉप्टरवर तो चालतो. घरी चार्जिंगसाठी १४-५० या प्रकारचं मोठं सॉकेट वापरत असाल तर ते औद्योगिक दर्जाचं आहे का, एवढं इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. स्वस्त सॉकेट रोज रात्री ४० अँपिअर ओढून वितळतात.

पुण्या-मुंबईतून फोन येतो की बीकेसीत टेस्ला आली, आम्हीही एफएसडी घ्यावं का? जुलै २०२५ मध्ये गाडी आली तेव्हा त्याची किंमत सहा लाख रुपये लावली होती आणि ते भारतात सुरू नव्हतं. सुरू होईपर्यंत सहा लाख बँकेत बरे. महिंद्रा बीई सिक्स किंवा टाटा हॅरियर ईव्ही यांत अशी मदत वरच्या व्हेरियंटच्या किमतीतच येते, महिन्याची वर्गणी नाही. तिथे प्रश्न व्हेरियंटचा असतो, आणि द्रुतगती मार्गाबाहेर पुसलेल्या पट्ट्यांवर लेन धरणं किती चालतं याचा.

जुनी गाडी देतानाचा क्रम सांगतो. आधी वर्गणी रद्द करा. गाडी ॲपमधून गेल्यावर रद्द करायचं बटणही जातं. टेस्ला चालू महिन्याचे पैसे परत देत नाही, म्हणून बिलाच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी हे करा. मग गाडीतले घराचे पत्ते, गॅरेजचं रिमोट, जोडलेले फोन आणि कॉन्टॅक्ट पुसून फॅक्टरी रीसेट करा. डॅशकॅमचा यूएसबी काढून घ्या. मालकी ॲपमधून शेवटी हस्तांतरित करा, आणि टोलचा ट्रान्सपाँडर काचेवरून काढायला विसरू नका, नाहीतर पुढच्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून जात राहील.

नमस्कार.